सूत्र पाठ आहे, तरी रेषेचं समीकरण पुन्हा पुन्हा का चुकतं?

अडचण अशी आहे. गणितात चढ दिलेला असतो, आंतरछेद दिलेला असतो, सूत्र तोंडपाठ असतं, आकडेमोडही बरोबर असते. तरी उत्तर चुकतं. कुणीतरी समजावून सांगतं, पटतं, त्या दिवशीची चार गणितं बरोबरही येतात. पंधरा दिवसांनी चाचणीत नेमक्या त्याच जागी गाडी पुन्हा अडते.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत मी संध्याकाळी घरीच अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. हा घोटाळा दरवर्षी बघते आणि दरवर्षी जीव तुटतो, कारण अडखळणारी मुलं बहुतेक वेळा मेहनती असतात. मागच्या महिन्यात एका मुलीनं वही पुढं केली. "मॅडम, मी सगळं बरोबर केलोय, मग उत्तर का जुळंना?" प्रश्न होता: रेषेचा चढ २ आहे आणि क्ष-अक्षावरचा आंतरछेद ३ आहे, समीकरण काढा. तिनं लिहिलं होतं, य = २क्ष + ३.

तुमच्याही वहीत हे असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

आधी चिन्हांचं ठरवून घेऊ. वर्गात आपण 'वाय इज इक्वल टू एम एक्स प्लस सी' असं म्हणतो. इथे मी एक्ससाठी क्ष, वायसाठी य, चढासाठी म आणि त्या सीसाठी क लिहिते. म्हणजे सूत्र झालं य = म·क्ष + क. स्लोप म्हणजे चढ, क्ष एकनं वाढला की य कितीनं बदलतो तो आकडा. इंटरसेप्ट म्हणजे आंतरछेद, रेषा अक्षाला जिथे छेदते तिथला आकडा.

क कुठून येतो?

वरच्या मुलीला मी एवढंच विचारलं, "या सूत्रात क म्हणजे काय?" ती पटकन म्हणाली, "इंटरसेप्ट." मी विचारलं, "कुठल्या अक्षावरचा?" ती थांबली. सगळा बिघाड त्या थांबण्यात आहे. तिच्या डोक्यात 'क = आंतरछेद' इतकंच साठवलेलं होतं, अक्षाचं नाव गळून पडलेलं. मग गणितात 'आंतरछेद' शब्दाशेजारी जो आकडा दिसेल तो उचलून क च्या जागी बसवायचा, एवढंच हातात उरतं. य-अक्षावरचा आंतरछेद दिला असेल तर उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लपून राहते. क्ष-अक्षावरचा दिला की उघडी पडते. 'कधी बरोबर, कधी चूक' हे जे मुलांना कोडं वाटतं, ते यामुळे.

क म्हणजे क्ष शून्य असताना य ची किंमत. सूत्रात क्ष च्या जागी ० ठेवा, म·क्ष हा भाग नाहीसा होतो आणि क एकटा उरतो. म्हणून समोर आलेल्या प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारायचा: हा आकडा क्ष शून्य असतानाचा आहे का? हो असेल तरच तो क.

उपाय म्हणून मी मुलांना एक सवय लावते. आंतरछेदाचा आकडा तसाच सूत्रात टाकायचा नाही. आधी त्याचा बिंदू लिहायचा, दोन्ही निर्देशकांसह, कंसात. क्ष-अक्षावरचा आंतरछेद ३ म्हणजे (३, ०). य-अक्षावरचा आंतरछेद ३ म्हणजे (०, ३). आकडा तोच, पण बिंदू लिहिल्यावर दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. मग बिंदू समीकरणात घालायचा. वरच्या गणितात ० = २ × ३ + क, म्हणून क = −६, आणि समीकरण य = २क्ष − ६. पडताळा लगेच: क्ष = ३ घातलं तर य = ० येतं. तिच्या मूळ उत्तरात क्ष = ३ घातलं तर य = ९ येतं, म्हणजे ती रेषा क्ष-अक्षाला ३ वर शिवतच नाही.

'आंतरछेद दिला असेल तर एक सूत्र, बिंदू दिला असेल तर दुसरं' अशी वेगवेगळी खोकी करण्याच्या मी विरोधात आहे. आंतरछेद हाही बिंदूच आहे, अक्षावर बसलेला. बिंदू आणि चढ एवढं हातात असलं की सरळ वाक्यात विचार करता येतो: माहीत असलेल्या बिंदूपासून क्ष जितकं सरकेल, त्याच्या म पट य सरकेल. बिंदू-चढ रूप म्हणतात ते हेच वाक्य, चिन्हांत लिहिलेलं.

पंचगंगेची पातळी आणि घड्याळाचा शून्य

पुस्तकातल्या गणितात अक्ष आखून दिलेले असतात. व्यवहारातल्या गणितात शून्य कुठे धरायचा ते आपण ठरवतो, आणि तिथे हीच चूक वेगळ्या वेशात येते. शब्दांत दिलेली उदाहरणं ज्यांना जड जातात त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात प्रत्येक फोनवर एक आकडा फिरत असतो, राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे दोन आकडे पाठ करावे लागत नाहीत. पावसाळ्यात वर्गात कुणाचंच लक्ष पुस्तकात नसतं, तेव्हा मी हेच गणित घालते.

समजा सकाळी ८ वाजता पातळी ३५ फूट ६ इंच आहे आणि पाणी तासाला २ इंच वाढतंय. वाढ अशीच राहिली तर ३९ फुटांना पाणी कधी लागेल?

बहुतेक मुलं चढ बरोबर काढतात. तासाला २ इंच म्हणजे तासाला १/६ फूट. मग म्हणतात, सुरुवातीची पातळी ३५.५, म्हणून क = ३५.५. समीकरण य = क्ष/६ + ३५.५. य = ३९ घातलं की क्ष = २१. इथवर काही चुकलेलं नाही. पण उत्तर लिहितात, "रात्री ९ वाजता." कारण २१ म्हणजे चोवीस तासांच्या घड्याळात रात्रीचे ९.

हे २१ घड्याळातले २१ नाहीत. क = ३५.५ धरलं त्याच क्षणी आपण सकाळी ८ ला शून्य म्हटलं. मग क्ष म्हणजे ८ वाजल्यापासून गेलेले तास. सकाळी ८ नंतर २१ तास म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे ५. पूर्ण आठ तासांचा फरक, आणि तो आठचा आकडा आला तोच मुळी शून्य हलल्यामुळे.

आता क्ष म्हणजे घड्याळातली वेळ, मध्यरात्रीपासून मोजलेली, असंच ठेवायचं असेल तर तेही चालतं. पण मग ३५.५ हा क राहत नाही. तो (८, ३५.५) हा बिंदू होतो. बिंदू समीकरणात घाला: ३५.५ = ८/६ + क. म्हणजे क = ३४ फूट २ इंच. हे मध्यरात्रीच्या पातळीचं मागं जाऊन काढलेलं गणित झालं. यातून ३९ फुटांसाठी क्ष = २९ येतं; २४ वजा केले की दुसऱ्या दिवशीचे पहाटे ५. दोन्ही वाटांनी उत्तर एकच. रेषेचा चढ दोन्हीकडे १/६, फक्त क वेगळा, कारण य-अक्ष वेगळ्या ठिकाणी उभा केला. म्हणून शाब्दिक उदाहरणात पहिली ओळ नेहमी अशी लिहा: 'क्ष = अमुक वेळेपासूनचे तास.' ही ओळ लिहिली की निम्म्या चुका आपोआप गळतात.

याच उदाहरणात आणखी एक खड्डा आहे. ३५ फूट ६ इंच म्हणजे ३५.६ फूट नव्हे. बारा इंचांचा एक फूट, म्हणून ६ इंच म्हणजे ०.५ फूट. ३५ फूट १० इंचांचं तर काही मुलं ३५.१० करतात, म्हणजे चक्क ३५.१, पाणी वाढल्यावर आकडा कमी! फूट-इंच दिसले की सगळं इंचात करून घ्या, म्हणजे ३५ फूट ६ इंचांचे ४२६ इंच, ३९ फुटांचे ४६८ इंच, फरक ४२, तासाला २, म्हणून २१ तास. अपूर्णांकाची भानगडच नाही.

हे मुलांना मी बजावून सांगते आणि इथेही लिहिते: खरी नदी रेषेवर फार वेळ टिकत नाही. वर घाटात पावसाचा जोर बदलला, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एखादा उघडला, की चढ बदलतो आणि जुनी रेषा निकामी होते. घर सोडायचं की नाही हे प्रशासनाच्या सूचनेवरून ठरवायचं, वहीतल्या समीकरणावरून नाही.

रिक्षाच्या भाड्यातही हाच घोटाळा आहे. समजा पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १८ रुपये. (दर कल्पित आहेत, हिशेबाला सोपे पडावेत म्हणून घेतले.) मुलं लिहितात य = १८क्ष + ३०. पाच किलोमीटरचे १२० रुपये. रिक्षावाल्या मामांना विचारलं तर ते ९३ सांगतील, आणि मामाच बरोबर आहेत. ३० रुपये हे शून्य किलोमीटरचे नाहीत, दीड किलोमीटरचे आहेत. बिंदू (१.५, ३०). क = ३० − २७ = ३. समीकरण य = १८क्ष + ३, आणि तेही दीड किलोमीटरपासून पुढेच लागू. चुकीच्या उत्तरातले जादाचे २७ रुपये म्हणजे तोच दीड किलोमीटर दोनदा मोजलेला.

चढ काढताना चिन्ह उलटं का होतं

दुसरी मोठी तक्रार. दोन बिंदू दिलेत, त्यांवरून चढ काढायचाय, आणि अधिक-उणे चुकतं.

यात थोडा दोष आपल्या छान शब्दाचा आहे. चढ म्हटलं की आपल्याला वाट आठवते. कोल्हापुरातून पन्हाळ्याला जाताना वाघबीळ सोडलं की चढ लागतो, परत येताना त्याच रस्त्याला आपण उतार म्हणतो. म्हणून मुलांना मनातून असं वाटतं की कुठल्या बिंदूपासून सुरुवात केली त्यावर चढाचं चिन्ह ठरतं. रस्त्यावर ते खरं आहे. आलेखकागदावर नाही. आलेखातली रेषा कायम डावीकडून उजवीकडे वाचायची, कुणीही कुठूनही चालत आलं तरी. उजवीकडे जाताना वर जात असेल तर चढ धन, खाली जात असेल तर ऋण.

बिंदू घ्या (२, ७) आणि (६, −१). पहिल्यापासून दुसऱ्याकडे गेलं तर य मधला फरक −१ − ७ = −८, क्ष मधला फरक ६ − २ = ४, चढ −२. दुसऱ्यापासून पहिल्याकडे आलं तर वर ७ − (−१) = ८, खाली २ − ६ = −४, चढ पुन्हा −२. उलटं आल्यावर अंश आणि छेद दोघांचीही चिन्हं फिरतात, म्हणून भागाकार तोच राहतो. चूक होते ती वर एका क्रमानं आणि खाली दुसऱ्या क्रमानं वजा केल्यामुळे: वर ८, खाली ४, चढ २. बिंदू एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी दोन्ही रकान्यांत वरून खाली किंवा दोन्हींत खालून वर करा. या रेषेचं पूर्ण समीकरण य = −२क्ष + ११. दोन्ही बिंदू घालून बघा, बसतात.

चिन्हाची शंका आली तर हातानं दोन बोटांएवढा कच्चा आलेख काढा. मोजपट्टी लागत नाही. रेषा पडते की चढते एवढंच बघायचं असतं.

दोन्ही आंतरछेद दिले असतील तर

क्ष-अक्षावर ४, य-अक्षावर ३. बिंदू (४, ०) आणि (०, ३). कच्चा आलेख काढला की दिसतं, रेषा डावीकडून उजवीकडे खाली येते. म्हणून चढ ऋण असणार, मग तो ३/४ किंवा ४/३ येऊच शकत नाही. चढ = −३/४, क = ३, समीकरण य = −(३/४)क्ष + ३, म्हणजेच ३क्ष + ४य = १२. दुहेरी आंतरछेद रूपातून, क्ष/४ + य/३ = १ पासून, हेच येतं.

या रूपावर मुलांचा फार जीव असतो, कारण आकडे थेट बसवता येतात. मलाही ते आवडतं. पण त्याच्या पोटात एक अट आहे: दोन्हींपैकी एकही आंतरछेद शून्य नसला पाहिजे, कारण आपण त्यांनी भागतोय. आरंभबिंदूतून जाणारी रेषा या रूपात लिहिताच येत नाही. सीईटीच्या तयारीत हमखास येणारं गणित घ्या. (२, ३) मधून जाणारी आणि दोन्ही अक्षांवर समान आंतरछेद करणारी रेषा काढा. क्ष/अ + य/अ = १ लिहिलं, म्हणजे क्ष + य = अ, बिंदू घातला, अ = ५. क्ष + य = ५. वही बंद. पण आरंभबिंदूतून आणि (२, ३) मधून जाणारी रेषा, ३क्ष − २य = ०, तिचे दोन्ही आंतरछेद ० आहेत. ० आणि ० समानच की! दुसरं उत्तर राहून गेलं, आणि ते आपण सूत्र निवडलं त्याच क्षणी हरवलं. प्रश्नात 'शून्येतर आंतरछेद' असं म्हटलं असेल तरच एका उत्तरावर थांबायचं.

आंतरछेद हा शब्दही थोडा फसवा आहे. समांतर रेषा आणि छेदिकेच्या धड्यात तो आपण लांबीसाठी वापरला होता, आणि लांबी ऋण नसते. निर्देशक भूमितीत मात्र आंतरछेदाला चिन्ह असतं. रेषा य-अक्षाला आरंभबिंदूच्या खाली ५ एककांवर छेदत असेल तर आंतरछेद −५. उलट 'अक्षावर ५ एकक लांबी तोडते' असं म्हटलं असेल तर ती वर की खाली हे सांगितलेलं नाही, म्हणून क = ५ आणि क = −५ अशा दोन रेषा. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी शास्त्र शाखेत इंग्रजीत आलेल्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. भूमिती त्यांना येते, पण 'कट्स ऑफ' आणि 'मेक्स अ‍ॅन इंटरसेप्ट' यांतला बारकावा नव्या भाषेत चटकन जाणवत नाही. अशा मुलांनी प्रश्न आधी मनात मराठीत सांगावा. मी वर्गात तेच करायला लावते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

समीकरणावरून चढ आणि आंतरछेद वाचताना

३क्ष − २य + ६ = ० दिलं की काही जण चढ ३ लिहितात, काही जण क = ६. दोन्ही चूक. य समोरचा गुणक १ होत नाही तोपर्यंत काहीच वाचायचं नाही. २य = ३क्ष + ६, म्हणून य = (३/२)क्ष + ३. चढ ३/२, य-आंतरछेद ३. क्ष-आंतरछेदासाठी य ला शून्य करा: ३क्ष + ६ = ०, क्ष = −२. 'चढ = उणे क्ष चा गुणक भागिले य चा गुणक' हे सूत्रही आहे, पण ते पाठ करणाऱ्यांचं उणे चिन्ह कधी ना कधी विसरतंच, असा माझा अनुभव आहे. य एकटा काढायला दहा सेकंद लागतात. तेवढे द्या.

आडव्या-उभ्या रेषांचं थोडक्यात. य = ४ ही आडवी, चढ ०, क्ष-आंतरछेद नाही. क्ष = ४ ही उभी, तिला चढच नाही, म्हणून य = म·क्ष + क मध्ये ती बसवायला जाऊ नका. 'चढ शून्य' आणि 'चढ अस्तित्वात नाही' हे दोन वेगळे निकाल आहेत.

किरणोत्सवाचं गणित

हे उदाहरण मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय, कारण चढ, बिंदू आणि आंतरछेद तिन्ही त्यात एकत्र भेटतात.

अंबाबाईच्या मंदिरात जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात. ती आधी चरणांवर पडतात आणि सूर्य खाली जाईल तशी वर सरकतात. सूर्य खाली जातोय आणि उजेड मात्र वर चढतोय, हे लहानपणी मला फार नवलाचं वाटायचं. त्याचं उत्तर एका रेषेच्या समीकरणात आहे.

साधा नमुना करू, आकडे कल्पित. मूर्तीच्या जागी य-अक्ष उभा करा, म्हणजे य म्हणजे उंची. उजवीकडे पश्चिम, तिकडे क्ष वाढतो. किरणांच्या वाटेत ४० मीटरवर एक कमान आहे आणि तिची वरची कड ३ मीटर उंचीवर आहे असं समजा. कमानीच्या वरचा उजेड अडतो, म्हणून आत येणारा सगळ्यात वरचा किरण त्या कडेला घासून येतो. तो (४०, ३) या बिंदूतून जातो. सूर्य उजवीकडे वर आहे, म्हणून किरणाची रेषा उजवीकडे चढती, चढ धन. ती मूर्तीला कुठे लागते? क्ष = ० वर. म्हणजे मूर्तीवर उजेड किती उंचीपर्यंत पोचला, तो आकडा म्हणजेच क!

३ = ४०म + क, म्हणून क = ३ − ४०म. चढ ३/४० असताना क = ०, उजेड तळाशी. सूर्य खाली आला, चढ १/२० झाला, क = १ मीटर. आणखी खाली, चढ १/४०, क = २ मीटर. बिंदू तोच, चढ कमी होत गेला, आंतरछेद वाढत गेला. खऱ्या मंदिरात वाट लांब आहे आणि अडथळे अनेक आहेत, पण किरण वर का सरकतात हे एवढ्यावरून कळतं. ज्या मुलीच्या वहीपासून सुरुवात केली, तिनं हे गणित सोडवून झाल्यावर स्वतःच विचारलं, "मॅडम, म्हणजे इथं क देवीच्या पायाशी सुरू होतोय?" त्या क्षणी मला कळलं की आता तिला क म्हणजे काय ते कळलंय.

करून बघा

उत्तरं झाकून ठेवा, आधी बिंदू लिहा, मग समीकरण, मग बिंदू परत घालून पडताळा.

चढ −३, क्ष-आंतरछेद २. बिंदू (२, ०), समीकरण य = −३क्ष + ६.

क्ष-आंतरछेद −५, य-आंतरछेद २. चढ २/५, समीकरण २क्ष − ५य + १० = ०. चढ −२/५ आला असेल तर कच्चा आलेख काढलेला नाही.

५क्ष + २य = २० चा चढ आणि दोन्ही आंतरछेद. चढ −५/२, क्ष-अक्षावर ४, य-अक्षावर १०.

शेवटचं जरा विचार करायला लावणारं. गच्चीवरच्या १००० लिटरच्या टाकीत सकाळी ९ वाजता ७०० लिटर पाणी आहे आणि तासाला ५० लिटर कमी होतंय. क्ष म्हणजे घड्याळातली वेळ धरून समीकरण काढा आणि टाकी कधी रिकामी होईल ते सांगा. चढ −५०, बिंदू (९, ७००), म्हणून क = ७०० + ४५० = ११५०, समीकरण य = −५०क्ष + ११५०. य = ० घातलं की क्ष = २३, रात्री ११ वाजता टाकी रिकामी. आता क कडे बघा. १००० लिटरच्या टाकीत मध्यरात्री ११५० लिटर मावणार नाही, म्हणून मुलं घाबरून उत्तर खोडतात. खोडू नका. पाणी मध्यरात्रीपासूनच या वेगानं कमी होत होतं असं प्रश्नात कुठेही म्हटलेलं नाही. रेषा मागं वाढवली तर ती य-अक्षाला ११५० वर छेदते, एवढंच.